शंकररावांची चार बोटं

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या रस्त्यावर कोणालाही विचारा. पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या बाईचं तोंड गोड असून भागत नाही. गाडीवाला उतरला की आधी इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, भाभी, आदमी किधर है? मी सांगते, आदमी अंबरनाथला केमिकल कंपनीत शिफ्टला गेलाय, टायर मीच खोलणार, पटत नसेल तर पुढे जा. दुकान सासऱ्यांचं. ते थकले, नवऱ्याला कंपनीची नोकरी सोडवेना, म्हणून मी बसले. त्याला झाली अठरा वर्षं. एवढ्या वर्षांत मी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. एकदाच, जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे मूग गिळून बसले, आणि त्याचं सगळं शंकररावांच्या अंगावर आलं. म्हणून शंकररावांचं सांगायला बसलेय, नाहीतर मला काय पडलंय.

शंकरराव म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून बसणारे कमानीवाले मिस्त्री. ट्रकच्या, टेम्पोच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले लोखंडी पाटे असतात बघा, गाडीचं सगळं वजन ज्यांच्यावर बसतं, त्या कमानी. वापरून वापरून त्या सपाट होतात, एखादा पाटा मोडतो. शंकरराव त्या खोलायचे, भट्टीत लाल करायचे आणि घणाने ठोकून परत वाक द्यायचे. उल्हासनगरात हे काम करणारे पूर्वी गल्लीगल्लीत होते. आता लोक नवा पाटा आणतात आणि जुना भंगारात टाकतात. शंकरराव मूळचे अंबरनाथचे. नववीत शाळा सोडली आणि इथे एका सिंधी सेठकडे कामाला लागले. सेठ त्यांना जेवताना साईं म्हणून शेजारी बसवायचा आणि काम चुकलं की पाना फेकून मारायचा. कपाळावर डाव्या बाजूला त्याची खूण होती. ती दाखवून म्हणायचे, ही माझी डिग्री.

पण त्यांचं नाव झालं ते ठोकण्यामुळे नाही, हातामुळे. गाडी माल भरून निघाली की ड्रायव्हर आधी ती शंकररावांच्या दारात आणून उभी करायचा. शंकरराव वाकायचे, मागच्या चाकाजवळ हात आत सारायचे. एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा, यांच्यामध्ये एक फट असते. त्या फटीत उजव्या हाताची चार बोटं एकावर एक उभी करून घालायची. चार बोटं मोकळी गेली तर म्हणायचे, जा. तीनच गेली तर म्हणायचे, माल उतरव. बस्स, एवढंच. पट्टी नाही, यंत्र नाही, आणि त्याचा एक रुपया घ्यायचे नाहीत. एमआयडीसीतले माल पाठवणारे ड्रायव्हरला विचारायचे, शंकररावांचा हात घालून आणलीस का? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा रथ ज्या ट्रकवर चढायचा, तो ट्रकसुद्धा आदल्या दिवशी इथे यायचा.

एकदा एक लादीवाला तीन बोटांवर भांडायला उभा राहिला. म्हणे, बदलापूरपर्यंत तर जायचंय, काय होतंय. शंकररावांनी खुर्ची उचलली, त्याच्या गाडीच्या पुढच्या टायरसमोर टाकली आणि माझ्याकडून चहा मागवला. तो पिऊन झाल्यावर दुसरा मागवला. शेवटी लादीवाल्याने शिव्या घालत पेट्या उतरवल्या. मी हसून हसून बेजार झाले होते. असा माणूस.

असा माणूस, पण घरात त्याचं काही चालायचं नाही. एकच मुलगा, आकाश. बाप दिवसभर काळा होऊन घरी येतो, ह्याची त्याला लहानपणापासून लाज. दहावीनंतर दोन वर्षं शंकररावांनी त्याला दुकानात बसवला, त्याच्यासाठी एक हलका घण मुद्दाम करून घेतला, दांडा त्याच्या हाताच्या मापाचा. आकाश एक दिवस तो घण ठेवून गेला तो परत आलाच नाही. कुरिअरच्या गोदामात लागला, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, मग स्वतःचा सेकंडहँड पिकअप घेतला. लग्न झालं, मैत्रेयी सून आली, दोघं बदलापूरला फ्लॅट घेऊन राहायला गेली. रविवारी आईला भेटायला यायचा. दुकानात पाय ठेवायचा नाही. पिकअपला काही झालं तर कल्याणला दाखवायचा, बापाला नाही. सहा वर्षं.

शंकरराव ह्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. पण रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला की त्यांची मान वर व्हायची, मला दिसायचं. आणि तो हलका घण दर दसऱ्याला तेल लावून परत खुंटीला लागायचा. द्रौपदीवहिनी, त्यांची बायको, एकदा डबा घेऊन आल्या तेव्हा माझ्याजवळ बसून म्हणाल्या, मुलाने एकदा नुसतं विचारावं, एवढंच मागणं आहे ह्यांचं, दुसरं काही नाही. मी म्हटलं, मग तुम्ही सांगा ना त्याला. त्या म्हणाल्या, सांगून विचारलेलं ह्यांना कळतं.

तर मागच्या वर्षी, पाऊस ओसरत होता तेव्हाची गोष्ट. आकाशला बदलापूरच्या गुरुदत्तकडे काम मिळालं. गुरुदत्त म्हणजे जनरेटर भाड्याने देणारा. नव्या बिल्डिंगच्या साइट, बारवीकडची फार्महाऊस, तिकडची लग्नं, सगळीकडे ह्याचे जनरेटर. चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला जनरेटर पिकअपच्या मागे हुकाला जोडायचा आणि ओढत न्यायचा. मागे ट्रॉलीचं नाक हुकावर दाबतंय, वर हौद्यात डिझेलची पिंपं आणि केबलची भेंडोळी. पिकअप मागून बसायचा. बसायचा म्हणजे पार ढुंगण टेकल्यासारखा, आणि पुढचे दिवे आभाळाकडे. समोरून येणारे शिव्या घालायचे, नाक्यावर पोलीस अडवायचे.

एका सकाळी आकाश एक खोका घेऊन दुकानात आला. दुकानात, म्हणजे आत. मी माझ्या हवेच्या पंपाजवळून बघत होते. खोक्यातून त्याने दोन काळे रबरी फुगे काढले, छोट्या कलिंगडाएवढे, वर-खाली लोखंडी पत्रे. एअर बॅग. एक्सल आणि चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, यांच्या मध्ये कमानीवर बसवायचे, हवा भरायची, की गाडी मागून उचलते. मोबाईलवर बघून मागवले होते. आणि मग तो बापाला म्हणाला, "पप्पा, हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून नको मला."

शंकररावांनी हात पुसले. पुसलेले परत पुसले. मी बघितलंय ते तोंड, माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ते खुळे नव्हते. त्यांनी ते फुगे हातात घेऊन फिरवून बघितले आणि जे सांगायचं ते सांगितलं. कमानीवरचं वजन तिच्या दोन टोकांना जातं, चेसिसवर वाटून पडतं. हे फुगे मधल्यामध्ये एकाच जागी ढुसण्या देणार. त्यापेक्षा एक पाटा वाढवतो आणि ट्रॉलीवरचा जनरेटर हातभर मागे सरकवून घे, नाक हलकं होईल. आकाश म्हणाला, पाटा वाढवला की रिकामी गाडी आपटते, कंबर जाते, आणि जनरेटर गुरुदत्तचा आहे, तो कसा सरकवू. मग म्हणाला की जगात सगळीकडे हेच लावतात पप्पा, तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. आणि खोका बंद करायला लागला.

आता हे ऐकून दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, राहू दे. लादीवाल्याच्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसणारा माणूस. पण खोक्याचं झाकण लागताना बघून त्यांचा जीव खालीवर झाला असणार. म्हणाले, ठेव तो इथे, संध्याकाळपर्यंत बसवतो.

दिवसभर दोघं गाडीखाली. आकाश पाने देत होता, बाप बोल्ट आवळत होता. दुपारी द्रौपदीवहिनी दोन डबे घेऊन आल्या, चार पोळ्या जास्त. बापलेक उलट्या टायरवर बसून जेवले. मला हाक मारून बोंबलाची चटणी दिली. मी वहिनींना डोळ्यांनी खुणावलं, त्या पदराने तोंड पुसत दुसरीकडे बघायला लागल्या.

चार वाजता ट्रॉली आणली, जोडली, पिंपं चढवली, गाडी अशी भरलेली माझ्या दुकानासमोर लावली. हवा माझ्याकडे भरायची होती. दोन फुग्यांना हवा भरायचे दोन वॉल, नंबर प्लेटच्या बाजूला काढलेले. वॉलजवळ एक छोटा स्टिकर होता. माझं इंग्रजी बेताचं आहे पण आकडे मला कळतात, दिवसभर आकडेच बघते. साठच्या वर भरू नका, असं होतं. मी पाइप लावला. शंकरराव चाकाजवळ उकिडवे बसले, हात आत घातला. तीस पॉइंटला दोन बोटं. पंचेचाळीसला अडीच. साठला तीन.

मी पाइप काढला. म्हटलं, साठ झाले, इथे साठच लिहिलंय.

आकाश म्हणाला, मावशी ते कंपनीवाले भीतीपोटी कमीच लिहितात, भरा. मी शंकररावांकडे बघितलं. त्यांचा हात अजून आतच होता. बोटं चाचपत होती. आयुष्यभर त्या हाताला एकच गोष्ट माहीत, चार बोटं गेली की गाडी ठीक. तीन गेली तर माल उतरव, हे त्यांना म्हणायला हवं होतं. त्या दिवशी ते म्हणाले, "भर अजून. चार होऊ दे."

मी भरलं. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. ब्याऐंशीला ते म्हणाले, झाली चार. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. गाडी अशी सरळ उभी राहिली की पाठीला फळी बांधलीय जणू. आकाशने लांब जाऊन फोटो काढले. शंकरराव उठले, गुडघे झाडले आणि मुलाला म्हणाले, जा.

अहो, लोखंडाच्या कमानीत फट कमी झाली की वजन जास्त झालं, हे खरंच. कमान खोटं बोलत नाही. पण फुग्यात फट म्हणजे फक्त हवा. हत्ती चढवा वर आणि हवा मारा, चार बोटं होणारच. चाळीस वर्षं लोखंडात गेलेल्या माणसाला हे त्या क्षणी सुचलं नाही, आणि अठरा वर्षं हवा भरणारीला सुचलं ते तिने पुन्हा बोलून दाखवलं नाही. कशाला दाखवू? बापलेक सहा वर्षांनी शेजारी बसून जेवले होते. मी म्हटलं, आपण कशाला मध्ये नाट लावा.

पुढचा दीड महिना शंकरराव वेगळेच. दर चार-पाच दिवसांनी आकाश हवा बघायला यायचा, हवा थोडी उतरलेली असायची. मी भरायची, ते हात घालायचे. गुरुदत्तने अजून जास्त पिंपं द्यायला सुरुवात केली होती, कारण गाडी बसतच नव्हती ना. मला शेवटी शेवटी नव्वदपर्यंत जावं लागायचं. शंकरराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या आकाशने नवीन सिस्टीम आणली, मी बसवली. आमच्या आकाशने. भट्टी दोन दोन दिवस पेटायची नाही तरी त्यांना काही वाटायचं नाही. हलका घण खुंटीवरून काढून त्यांनी बाहेर टेबलावर ठेवला होता. कशाला, ते मी विचारलं नाही.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, चामटोलीकडच्या रस्त्याला एका चढावर पिकअपचं चेसिस तुटलं. बरोबर जिथे फुगे ढुसण्या देत होते तिथे, दोन्ही बाजूंनी. मागचा तुकडा हुकासकट खाली गेला, ट्रॉलीची साखळीसुद्धा त्याच तुकड्याला अडकवलेली होती. ट्रॉली जनरेटरसकट सुटली आणि उताराने मागे गेली. उताराच्या वळणावर कौसाबाई बसल्या होत्या. तिथल्याच पाड्यावरच्या, साठीच्या. घरच्या काकड्या आणि शिराळी घेऊन रोज त्या जागी बसायच्या. त्या उठायला गेल्या, पूर्ण उठता आलं नाही. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आकाशला खरचटलंसुद्धा नाही.

चौकीत सगळ्यांना बोलावलं. मला नाही बोलावलं. पण मी गेले होते, द्रौपदीवहिनींच्या सोबतीला, बाकावर बसले होते. तिथे जे ऐकलं ते सांगते.

आकाशला विचारलं, गाडीला हे काय लावलंय, कोणी लावलं? तो म्हणाला, पप्पांनी बसवलं, पप्पांनी हात घालून पास केली. खोटं नव्हतं ते. पण बाप दोन हातांवर उभा होता, त्याच्याकडे न बघता म्हणाला. मग गुरुदत्तचा जबाब झाला. तो हात जोडून सांगायला लागला की साहेब, मी तर आधीच ह्याला सांगितलं होतं, तुझी गाडी मागून बसते, शंकररावांचा हात लागल्याशिवाय मी माझा जनरेटर तुझ्या मागे जोडणार नाही. त्यांनी पास केली तरच काम, नाहीतर दुसरा पिकअप बघतो. म्हणून हा त्यांच्याकडे घेऊन गेला.

मी शंकररावांकडे बघितलं नाही. बघवलं नाही. वहिनींनी माझा हात धरला होता, तो त्यांनी एवढा दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या. म्हणजे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून नको, हे त्यासाठी होतं. पोराने बापाला विचारलं नव्हतं. शिक्का मारून घ्यायला आला होता.

मग साहेबांनी विचारलं की फुग्यावर साठ लिहिलेलं आहे, आम्ही मोजली तर नव्वदीच्या आसपास हवा निघाली. कोणी भरली?

आकाश खाली बघत होता. त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. माझ्या घशाशी आलं होतं, शपथेवर सांगते. पण आदल्या रात्री नवऱ्याने बजावलं होतं, दुकान आपलं, लायसन नाही काही नाही, दोन पोरी शिकतायत, तू तोंड उघडायचं नाहीस. अठरा वर्षांत मी त्याचं कुठलं ऐकलं होतं? नेमकं हेच ऐकलं.

शंकरराव म्हणाले, "हवा मीच भरली. माझ्या मापाने."

लिहून घेतलं. सही झाली. बाहेर आल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, भाऊ, तुम्ही असं का सांगितलंत. ते म्हणाले, भर म्हणून मीच सांगितलं होतं ना, मग झालं. आणि चप्पल घालून चालायला लागले. मला त्यांचा राग आला. हो, आला. माझ्यावर हा डोंगराएवढा उपकार टाकायला कोणी सांगितलं होतं त्यांना? शिव्या घातल्या असत्या तर मी चार ऐकवून मोकळी तरी झाले असते.

त्यानंतर त्यांनी हात घालणं सोडलं. सुरुवातीला ड्रायव्हर यायचे, त्यांना अजून बातमी कळली नव्हती. गाडी लावून हाक मारायचे. शंकरराव बसल्या जागेवरून म्हणायचे, माझं माप चुकतं आता, काट्यावर वजन करून घे. मग बातमी पसरली आणि यायचेच बंद झाले. मिरवणुकीचा ट्रक ह्या वर्षी आला नाही, परस्पर गेला. चौदा एप्रिलला ते पांढरे कपडे घालून दुकानाच्या दारात उभे होते. रथ समोरून गेला. मी त्यांना पेढा द्यायला गेले, जय भीम म्हटलं. त्यांनी जय भीम म्हटलं, पेढा घेतला आणि तो कितीतरी वेळ हातातच धरून ठेवला.

कोर्टाच्या तारखा पडतात, त्या ते एकटेच करतात. महिन्यातून एकदा कौसाबाईंच्या पाड्यावर जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या मुलाने दारातूनच हाकललं. दुसऱ्यांदा ते अंगणात बसून राहिले. तिसऱ्यांदा बाई स्वतः म्हणाली, आलाव तर बसा, पाणी घ्या. हे मला वहिनींनी सांगितलं. आकाश तिकडे एकदाही फिरकला नाही.

आता परवाचं सांगते आणि संपवते, कारण परवापासून मला जेवण गोड लागत नाहीये.

दुपारची वेळ. माझ्या पंपासमोर एक पिकअप येऊन उभा राहिला, पांढरा, नंबर नवा. मागे ट्रॉली, तिच्यावर जनरेटर. आकाश उतरला. गाडी मैत्रेयीच्या नावावर घेतलीय म्हणाला. मी वाकून बघितलं. खाली काळे फुगे. तेच. कल्याणला बसवून घेतले म्हणे, ह्या वेळी चांगल्या कंपनीचे. शंकरराव आपल्या दारात टायरवर बसले होते. त्यांच्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली आणि मला म्हणाला, मावशी, हवा मारा. मी विचारलं, किती? म्हणाला, चार बोटं होईपर्यंत.

आणि वाकून त्याने स्वतःचा हात आत घातला. बापासारखाच. बोटं एकावर एक.

माझं डोकं फिरलं. अख्खा रस्ता गोळा होईल एवढ्या आवाजात मी त्याला धुतला. लाज वाटते का रे, म्हटलं. बाईचा पाय गेला. बापाचं नाव गेलं. हवा मी भरली होती, तुझ्या डोळ्यांदेखत, मी साठला पाइप काढला होता आणि भरा म्हणून पहिला तू बोललास, आणि चौकीत तुझा बाप सगळं अंगावर घेत होता तेव्हा तू बुटाकडे बघत होतास. आठ महिन्यांचं सगळं बाहेर पडलं.

आकाशने हात बाहेर काढून पँटला पुसला. मग म्हणाला, "तू पण तिथेच बाकावर होतीस ना मावशी? मग तेव्हा का नाही बोललीस?"

पाइप माझ्या हातात फुसफुसत होता.

शंकरराव उठून आले. त्यांनी माझ्या हातातून पाइप घेतला. वॉलजवळचा स्टिकर चष्मा लावून वाचला, सावकाश, आकड्यावर बोट ठेवून. मग दोन्ही फुग्यांत साठ साठ भरले, एक पॉइंट जास्त नाही. गाडी मागून बसलेलीच राहिली. हात घालायची गरज नव्हती, दोन बोटंसुद्धा गेली नसती हे लांबून दिसत होतं. आकाश वैतागून म्हणाला, पप्पा, बसलीय ना गाडी.

"बसू दे," शंकरराव म्हणाले. "बसते म्हणून तर कळतं. माल उतरव."

किती महिन्यांनी ते शब्द त्यांच्या तोंडातून आले. मला वाटलं, आता खुर्ची आणतील, टायरसमोर टाकतील, चहा मागवतील. मी चहावाल्याकडे बघितलंसुद्धा. पण ते उभे राहिले तसेच राहिले, हात लोंबकळत. आकाशने एक मिनिट वाट बघितली, घड्याळ बघितलं, गाडीत बसला आणि निघाला.

आमच्या दुकानापासून पुढे, सिग्नलच्या अलीकडे, दुसरा एक हवावाला आहे. पिकअप तिथे थांबला. आम्ही दोघं इथून बघत होतो. आकाश उतरला, मागे जाऊन वाकला. तिथल्या माणसाने पाइप लावला. गाडीचं मागचं अंग हळूहळू वर यायला लागलं. आलं, आलं, सरळ झालं. मग तो बसला आणि गाडी बदलापूरच्या बाजूला गेली.

शंकरराव त्या बाजूला बघत होते. उजव्या हाताची बोटं त्यांनी एकमेकांना लावून धरली होती.

"चार झाली असतील आता," ते म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले.